न पाहता लिहिलेला रिपोर्ट

गेल्या मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता दुबईच्या अल कुसैस भागातल्या एका गोदामातून बेचाळीस नंबरची पेटी बाहेर पडली. पेटी लाकडी होती. झाकणाला आठ स्क्रू होते आणि चारही बाजूंना सील होतं. आत एकच वस्तू होती. ती मध्य ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटात राहणाऱ्या आदिवासींची होती आणि साठ वर्षांनी तिकडे परत चालली होती. वस्तूच्या स्थितीचा दोन पानी रिपोर्ट पेटीबरोबर होता. त्यावर सही माझी होती. तो रिपोर्ट मी वस्तूकडे न पाहता लिहिला होता.

या धंद्यातल्या माणसाला हे शेवटचं वाक्य सांगितलं तर तो पहिला प्रश्न विचारेल की मग नोकरी कशी टिकली. नोकरी टिकली. जूनअखेरीला मी रीतसर निवृत्त झाले. पण प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी धंदा काय ते सांगते.

गोदाम चित्रांचं आणि कलावस्तूंचं होतं. ज्यांच्याकडे भिंतींपेक्षा चित्रं जास्त झाली आहेत असे लोक ती इथे ठेवतात. संग्रहालयांची प्रदर्शनं येता-जाता इथे थांबतात. बाहेर जुलैत पंचेचाळीस डिग्री असताना आत एकवीस असतात, आणि हवेतला दमटपणाही ठरलेला असतो. बाहेरून आलेली पेटी चोवीस तास उघडायची नाही, असा नियम आहे. मालक समोर उभा राहून घाई करत असला तरी नाही. थंड हवेत गरम पेटी उघडली की आतल्या काचेवर दव धरतं, आणि ते चित्रावर उतरतं.

माझं पद रजिस्ट्रार. काम एवढंच की आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या प्रत्येक वस्तूची स्थिती पाहून लिहून ठेवायची. ओरखडा कुठे, किती मिलिमीटर, रंगाचा पोपडा कुठे सुटलाय, फ्रेमचा कोपरा कधी दुखावला. बॅटरी आडवी धरून उजेड टाकला की सपाट दिसणाऱ्या चित्रावरसुद्धा डोंगरदऱ्या दिसू लागतात, त्या मोजायच्या. मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द पंचनामा. वस्तू पोचली की तिकडचा माणूस त्याच रिपोर्टवरून पुन्हा पाहतो आणि फरक असेल तर लिहितो. भांडण झालं तर कोर्टात हा कागद जातो. त्यामुळे धंद्याचा पहिला नियम असा की न पाहता एक अक्षर लिहायचं नाही.

नियम मला नवा नव्हता. इकडे येण्याआधी बारा वर्षं मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होते. तालुक्याचे वार्ताहर फोनवरून बातमी सांगत, मी उतरवून घेई. आमचे मुख्य उपसंपादक कॉपी तपासताना ‘म्हणे’ हा शब्द दिसला की लाल रेघ मारत आणि विचारत, “म्हणे म्हणजे कोण म्हणे? त्याचं नाव घाला, नाहीतर ओळ काढा.” नवऱ्याच्या नोकरीमुळे शारजात आले तेव्हा ही एकच विद्या होती. गोदामाला इंग्रजी लिहिता येणारं आणि वाढवून न लिहिणारं माणूस हवं होतं. ओरखडा म्हणजे ओरखडा. ‘भीषण ओरखडा’ नाही. मुलाखत वीस मिनिटांत संपली.

पेट्या करायचे दाऊदभाई. ते रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या एका गावचे, घराणं होड्या बांधणाऱ्यांचं. मी आले त्याच्या आधीपासून ते तिथे होते आणि अजून आहेत. हमरिया फ्री झोनमधून लाकूड यायचं. किडा मरावा म्हणून ते आधी भट्टीत तापवलेलं असे आणि तसा शिक्का त्यावर असे. पण दाऊदभाईंना शिक्का पुरेसा नसे. डोळे मिटून ते प्रत्येक फळीवरून तळवा फिरवत. एकदा विचारलं, “डोळे का मिटता?”

“डोले खोटं बोलतात, ताई. रंग दिसला की डोले फसले. हाताला रंग नाय दिसत.”

त्यांनी बाजूला काढलेली फळी आठवड्याभरात वाकडी झालेली मी तीन वेळा पाहिली आहे. तीनच वेळा, कारण नंतर तपासणं सोडून दिलं.

आता चित्रं. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची चित्रं आज जगभर पसरलेली आहेत. युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत आहेत, बँकांच्या स्वागतकक्षांत आहेत, खासगी बंगल्यांत आहेत. आमच्या गोदामात ती आली हेलनबाईंमुळे. त्यांचे पती विहिरी खणणारे इंजिनियर. तरुणपणी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पाण्यासाठी बोअर मारत होते, मग त्याच कामासाठी आखातात आले आणि इथेच राहिले. ते वारल्यावर बाईंनी जुमेराचा बंगला लहान करायला घेतला आणि संग्रह आमच्याकडे ठेवला. त्यात एकतीस कॅनव्हास होते, सहा सालींवरची चित्रं होती आणि घोंगडीत बांधलेलं एक गाठोडं होतं.

कॅनव्हास ठिपक्यांचे. ही चित्रं जमिनीवर पसरून काढतात. काढणारा त्याच्या चारही बाजूंनी बसतो, कधी मधोमध बसतो. आकाशातून जमीन पाहावी तसं ते चित्र असतं, त्यामुळे वरची बाजू आणि खालची बाजू असा प्रकार बहुतेकदा नसतोच. आमच्या फॉर्ममध्ये मात्र ‘वरची बाजू’ असा रकाना होता आणि तो रिकामा सोडला की कॉम्प्युटर पुढे जात नसे. एकतीस वेळा मी तिथे ‘लागू नाही’ लिहिलं. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने असंच चित्र घेतलं होतं. तो दर सहा महिन्यांनी ते उलटं करून टांगायचा आणि पाहुण्यांना नवीन घेतलं म्हणून सांगायचा. माझ्या माहितीप्रमाणे कोणाच्या लक्षात आलं नाही.

याच माणसाने एकदा चित्र परत पाठवलं. तक्रार अशी की रंगात वाळू आहे आणि एका ठिकाणी कुत्र्याचा केस चिकटलाय, साफ करून द्या. मी बॅटरी धरली. केस रंगाच्या वर नव्हता, आत होता. चित्र ओलं असताना पडलेला. ठिपके घालणाऱ्या बाईच्या शेजारी तिचं कुत्रं बसलं असणार. हा अंदाज मी रिपोर्टमध्ये घातला नाही. लिहिलं: ‘केस एक, रंगाखाली, मूळचा.’ गिऱ्हाईक फोनवर म्हणाला, “मॅडम, पच्चीस हजार दिरहम दिये हैं, साडेपाच-छे लाख रुपया. कुत्ते के बाल के साथ?” मी सांगितलं की बाल काढला तर पंचवीस हजारांचं राहणार नाही. त्याने चित्र घरी नेलं आणि पुढे पाहुण्यांना तो केसच दाखवू लागला.

सालींवरची चित्रं उत्तरेकडची. पावसाळ्यात झाडाची साल सोलतात, विस्तवावर धरून सपाट करतात, वजनाखाली ठेवतात आणि तिच्यावर गेरू, पिवळी माती, कोळसा, पांढरी माती यांनी रंगवतात. साल पुढे कायम वळायला बघते. एका व्यवस्थापकाने त्या काचेखाली दाबून सरळ करायला सांगितल्या होत्या. दाऊदभाईंनी हात लावायला नकार दिला. “झाडाला गोल ऱ्हायची सवय, साहेब. दाबाल तर मधी फाटंल.” त्यांनी प्रत्येक सालीच्या बाकाप्रमाणे खालून आधार कोरून दिले. त्या सहा साली आजही न फाटता आहेत.

राहिलं गाठोडं.

नऊ वर्षांपूर्वी, संग्रहाची यादी करायला मी जुमेराच्या बंगल्यात गेले तेव्हा ते कपाटाच्या वरच्या खणात होतं. हेलनबाई म्हणाल्या, “हे राहू दे. रिचर्ड हे माझ्यासमोर कधी उघडत नसे. बायकांनी पाहायचं नाही, असं देणाऱ्याने त्याला सांगितलं होतं.”

मी म्हटलं, “यादीत घ्यायचं तर पाहावं लागेल. न पाहता लिहिता येत नाही.”

बाई उठून बाल्कनीत गेल्या आणि दार ओढून घेतलं. मी गाठोडं सोडलं, वस्तू मोजली, अकरा फोटो काढले, पुन्हा बांधलं. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. त्या दिवसाच्या नोंदीत माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: ‘मालक खोलीत नव्हत्या.’ का नव्हत्या, ते लिहिलेलं नाही. बातमीत ‘का’ सुटला की आमचे मुख्य उपसंपादक कॉपी परत फेकत. ही कॉपी तपासायला कोणी नव्हतं.

ती वस्तू कशाची आहे, केवढी आहे, तिच्यावर काय आहे, हे या लेखात नाही. तसं सांगितलं गेलं आहे.

पुढची आठ वर्षं गाठोडं शेल्फवर होतं. मग एका प्रदर्शनासाठी हेलनबाईंचे तीन कॅनव्हास मागितले गेले आणि ऑस्ट्रेलियाहून एक तज्ज्ञ बाई पाहायला आल्या. मी संग्रहाची फाइल समोर ठेवली. त्या पानं उलटत होत्या. शेवटच्या पानाशी थांबल्या, फाइल मिटली आणि तिच्यावर हात ठेवला.

“हे पान इथे नको होतं,” त्या म्हणाल्या. “मीही पाहायला नको होतं. तुम्ही काढलेत फोटो?”

“हो.”

त्यांनी थोडक्यात समजावलं. त्या लोकांत काही वस्तू आणि काही विधी फक्त पुरुषांचे असतात, काही फक्त बायकांचे. पुरुषांमध्येही ज्यांना त्याची दीक्षा मिळाली आहे तेच पाहू शकतात. अशा वस्तू एके काळी विकल्या गेल्या, चोरल्या गेल्या, कोणी जिवाच्या भीतीने देऊन टाकल्या. जगातल्या कित्येक संग्रहालयांनी त्या आता काचेतून काढून बंद खोल्यांत ठेवल्या आहेत आणि मागणी आली की परत देतात. खासगी घरांत किती आहेत, ते कोणालाच ठाऊक नाही.

हेलनबाईंना कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: ‘ज्यांचं आहे त्यांना द्या, माझी अट नाही.’

दोन महिन्यांनी वॉरन आले. ते त्या समाजातलेच, दीक्षा मिळालेले, आणि तिथल्या सांस्कृतिक केंद्रात काम करत. पंचेचाळिशीचे, कमी बोलणारे, उन्हाळ्याची सवय असलेले. आमच्या पार्किंगमध्ये टोपी न घालता उभे राहणारे ते पहिलेच पाहुणे. त्यांनी सांगितलेली मुख्य गोष्ट अशी: ही वस्तू ज्या जागेची आहे तिथलं सगळं जाणणारे एकच वृद्ध आता उरले आहेत, वॉरनच्या आजोबांचे धाकटे भाऊ. वस्तू तिथून गेली तेव्हा ते कोवळे तरुण होते आणि नुकतीच दीक्षा मिळालेली होती. आता डोळे जवळजवळ गेले आहेत, आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. ती कशी ठेवायची, कोणी उचलायची, तिचं काय काय करायचं, हे ते पुढच्या चौघांना शिकवू शकतात. वस्तू हातात असेल तरच. त्यांच्यानंतर पोचली तर ती नुसती वस्तू म्हणून पोचेल.

“किती वेळ आहे?” मी विचारलं.

“डॉक्टर सांगत नाहीत. म्हातारे म्हणतात, लवकर आणा.”

त्यानंतर जे सांगायचं होतं ते मी सांगितलं. मी ती उघडली होती. अकरा फोटो काढले होते.

“तुम्हाला माहीत नव्हतं,” वॉरन म्हणाले.

“माहीत होतं. सांगितलं होतं मला. मी नियम पाळला.”

“कोणता?”

“आमचा.”

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, “प्रती किती निघाल्या, ते सांगू शकाल?”

हे मला सांगता येण्यासारखं होतं. फोटो सर्व्हरवर होते, बॅकअप डिस्कवर होते, आमच्या फाइलीत छापील होते, हेलनबाईंना गेलेल्या यादीत होते, विमा एजंटला गेलेल्या मेलमध्ये होते आणि प्रदर्शनवाल्यांना पाठवलेल्या पीडीएफमध्ये होते. अशा सहा जागा. तीन आठवड्यांत पाच जागा साफ झाल्या. एजंटने आधी कटकट केली, मग लेखी कळवलं. सहावी हेलनबाईंची. मी बंगल्यावर गेले तर त्यांनी ड्रॉवरमधून आमचा पिवळा लिफाफा काढून दिला. तो बंद होता. नऊ वर्षं.

“उघडला नाहीत?”

“मी तेव्हाच बाल्कनीत गेले होते ना,” बाई म्हणाल्या.

सातवी जागा माझ्या यादीत नव्हती. कॅमेऱ्याचं जुनं कार्ड, माझ्याच टेबलाच्या खणात, पिनांच्या डबीत. ते मी वॉरनच्या हातात दिलं. त्यांनी ते दाऊदभाईंच्या पुढ्यात ठेवलं. दाऊदभाईंनी हातोडीचे दोन घाव घातले. “यल्ला, खलास.”

“आणि मी पाहिलंय ते?” मी वॉरनना विचारलं.

“ते तुमच्याजवळ ठेवा,” ते म्हणाले. “कोणाला देऊ नका.”

आता प्रश्न रिपोर्टचा. विमान कंपनी आणि विमावाले रिपोर्टशिवाय पेटी घेणार नव्हते. वॉरन स्वतः लिहू शकत नव्हते, कारण माल घेणाराच मालाची स्थिती ठरवू शकत नाही. सही गोदामाच्या रजिस्ट्रारचीच हवी. मी पुन्हा पाहणार नव्हते. गोदामातल्या दुसऱ्या कोणा पुरुषानेही पाहायचं नव्हतं, दीक्षेचा नियम त्यालाही होता. नऊ वर्षांपूर्वीची मोजमापं फोटोंबरोबर गेली होती, आणि असती तरी आजची स्थिती त्यावरून लिहिता आली नसती.

घरी जेवताना हे बोलले. मुलगी म्हणाली, “सो यू हॅव टू डिस्क्राइब समथिंग यू कान्ट सी? मम्मा, दॅट्स लिटरली युअर ओल्ड जॉब.”

तिचं बरोबर होतं. बारा वर्षांत मी छापलेल्या एकाही अपघाताच्या जागी गेले नव्हते. फोनवर विचारत असे: गाडी कोणत्या बाजूला आहे? तुम्ही पाहिलीत की ऐकलंत? कोण बोलतंय?

दुसऱ्या दिवशी वॉरनना विचारलं: कापडात गुंडाळलेली असताना, कापडावरून एखाद्या पुरुषाने हात लावला तर चालेल का? त्यांनी गावी फोन केला. बोलणं त्यांच्या भाषेत झालं, बराच वेळ चाललं. मग ते म्हणाले, “म्हातारे विचारतात, माणूस कोण?”

“सुतार. एकसष्ट वर्षांचा. तीन मुलगे, दोन नातवंडं.”

पुन्हा बोलणं. “सुतार चालेल, म्हणतात.”

दाऊदभाईंना विचारलं तेव्हा ते रंधा पुसत होते. म्हणाले, “त्यांची अमानत हाय ना? मग हात धुऊन येतो.” ते नुसते हात धुऊन आले नाहीत; नमाजाआधी करतात तसं तोंड, हात, पाय सगळं धुऊन आले. कोणी सांगितलं नव्हतं.

कापड त्यांनीच आदल्या दिवशी शारजातल्या रोल्ला बाजारातून आणलं होतं. कोरा, न रंगवलेला मांजरपाट, दोनदा उकळून खळ काढलेला. दुकानदाराने मापं ऐकून विचारलं होतं, “कौन गुजर गया, चाचा?” दाऊदभाई म्हणाले होते, “कोणी नाय. कोणीतरी घरी चाललाय.”

सोमवारी सकाळी अकरा वाजता छोट्या तपासणी खोलीत वॉरन आत गेले, दार लावलं आणि वस्तू नव्या कापडात बांधली. मग दाऊदभाई आत गेले. दार चार बोटं उघडं ठेवून त्यावर बांधणीची जाड रजई टांगली. मी बाहेर खुर्ची टाकून बसले. मांडीवर फॉर्म होता. फॉर्म मी नवा केला होता. ‘वर्णन’ आणि ‘फोटो’ हे रकाने काढले होते. प्रश्न अठरा होते, ज्यांची उत्तरं आहे-नाही किंवा एका वाक्यात देता येतील असे.

“दाऊदभाई, ऐकू येतंय?”

“येतंय. बोला.”

“डोळे?”

“मिटलेत.”

“चीर आहे?”

रजईमागे कापडावरून हात फिरल्याचा आवाज येत होता.

“एक हाय. बोटभर. कडेला.”

“नवी की जुनी?”

“जुनी.”

“कशावरून?”

“नवी चीर हाताला चावते, ताई. जुनी चावायची सोडते.”

‘एक चीर, अंदाजे सात सेंटिमीटर, कडेला, जुनी’ असं मी लिहिलं. कंसात ‘स्पर्शावरून’ असं लिहिलं.

“काही हलतंय? सुटं लागतंय?”

“नाय.”

“नक्की नाही, की वाटत नाही?”

“ताई, एकसष्ट वर्सांचा झालो. नाय म्हणजे नाय.” आतून वॉरनच्या खोकल्यासारखा आवाज आला. ते हसले असावेत. ‘असावेत’ हा शब्द माझ्या जुन्या मुख्य उपसंपादकांनी कापला असता.

अकराव्या प्रश्नाला दाऊदभाईंच्या हाताचा आवाज थांबला. “बगा ताई, हे तर आमच्याकडे होडीच्या...”

“दाऊदभाई, थांबा.”

“थांबलो.”

“फक्त आहे की नाही.”

“हाय,” ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “बराबर. चुकलो.”

अठरा प्रश्नांना पन्नास मिनिटं लागली. शेवटी मी सगळी उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली, वार्ताहराला फोनवर दाखवत असे तशी, आणि प्रत्येकाला आतून “बराबर” आलं. रिपोर्टच्या खाली लिहिलं: ‘तपासणी स्पर्शाने, कापडावरून, दाऊद यांनी केली. या तपासणीत लिहिणाऱ्याने वस्तू पाहिलेली नाही.’ विमावाल्यांनी या ओळीवर दोन मेल पाठवले. मी दोन्हींना तेच उत्तर दिलं की ओळ खरी आहे आणि ती राहील. त्यांनी रिपोर्ट स्वीकारला.

दाऊदभाईंना हाताला काय लागलं, ते त्यांनी नंतर कोणाला सांगितलं नाही. एकदा मीच विषयाजवळ गेले तर म्हणाले, “विसरलो, ताई. तुमी पण विसरा.”

मंगळवारी पेटी निघाली तेव्हा मी बरोबर गेले. भीती कस्टमची होती. स्क्रीनवर पेटी तपासताना आतलं दिसतं, आणि त्या सकाळी मशीनवर एक बाई बसल्या होत्या. वॉरनने पत्र पुढे केलं. काउंटरवरचा इमिराती अधिकारी तिशीतला होता. त्याने पत्र वाचलं आणि मला हिंदीत विचारलं, “मतलब ये चीज औरत नहीं देखेगी?”

“नहीं. और मर्द भी जितना कम देखे, उतना अच्छा.”

मी आणखी समजावायला कागद काढले. त्याने हाताने थांबवलं. “मॅडम, मेरे घर में दो मजलिस है, बैठने के कमरे. एक मर्दों की, एक औरतों की. इसमें समझाना क्या है?” त्याने मशीनवरच्या बाईंना अरबीत काही सांगितलं. त्या उठून चहाला गेल्या. तो स्वतः बसला, पेटी गेली, त्याने स्क्रीन लगेच बंद केली आणि शिक्का मारला. सगळं मिळून सहा मिनिटं. दाऊदभाई शेजारी उभे होते. “शुक्रन, हबीबी,” ते म्हणाले. अधिकाऱ्याने पेटीकडे बोट करून विचारलं, “ये बॉक्स किसने बनाया? बहुत अच्छा है.” त्या दिवशी दाऊदभाई परतीच्या वाटेवर गाडीत दोनदा ते वाक्य बोलले.

त्यानंतर तेवीस दिवस पेटी पोचल्याचं कळलं नाही. तिकडचं क्वारंटाइन कडक आहे, लाकूड म्हटलं की अधिकच. वॉरनचा एक मेल आला की पेटी शहरात अडकली आहे आणि म्हातारे हॉस्पिटलमध्ये आहेत. दुसरा आला की ते घरी आले आहेत, पेटी अजून नाही. मी उत्तरात लाकडाच्या शिक्क्याचा फोटो पुन्हा पाठवला. दाऊदभाई रोज सकाळी पंच मारला की माझ्या टेबलाशी येत. “काय?” “काही नाही.” “इन्शाल्ला,” म्हणून जात. हेलनबाईंचाही फोन येई. त्या फक्त म्हाताऱ्यांची तब्येत विचारत.

चोविसाव्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मेल आला. सोबत आमचा पोचपावतीचा फॉर्म स्कॅन करून जोडला होता. सील: शाबूत. स्क्रू: आठ. पेटी उघडताना हजर: पाच पुरुष. फोटोच्या रकान्यावर रेघ मारली होती. ‘निघतानाच्या आणि पोचतानाच्या स्थितीत फरक’ या ओळीपुढे लिहिलं होतं: नाही. खाली सहीच्या जागी अंगठा होता.

अंगठ्याखाली वॉरनने दोन ओळी टाइप केल्या होत्या. तपासणी म्हाताऱ्यांनी हाताने चाचपून केली. तुलना दुबईहून निघतानाच्या स्थितीशी नाही, साठ वर्षांपूर्वी इथून निघतानाच्या स्थितीशी आहे; तेव्हा ते हजर होते.